माळ्यावरचं माप

खेड्यातलं संग्रहालय बघायला जायचं तर आधी किल्ली शोधावी लागते. संग्रहालय समोर असतं, दाराला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्या खिशात असते तो माणूस रानात पाणी द्यायला गेलेला असतो. मग कुणीतरी मोटारसायकल काढून त्याला आणायला जातं. तोवर आपण पारावर बसून चहा प्यायचा आणि गावानं आपल्याला बघायचं. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्यानं अशी चार संग्रहालयं पाहिली. ओळखीचे लोक विचारायचे, "काय हो, रिटायर झाल्यावर इतिहासाचा नाद लागला वाटतं?" मी मान हलवायचे. इतिहास गेला खड्ड्यात, मी सासूचं माप शोधत होते.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आमच्या आत्यांनी पंच्याऐंशी कधीच ओलांडली. गुडघे गेलेत, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. माप म्हणजे त्यांचं शेराचं पितळी माप. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं तेच माप तांदळानं भरून उंबऱ्यावर ठेवलं होतं, आणि मी आले तेव्हा आत्यांनी. नवरीनं उजव्या पायाच्या अंगठ्यानं माप हळूच लवंडायचं आणि घरात यायचं. हळूच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून असा काही पाय मारला की माप तीन पायऱ्या गडगडत जाऊन गटाराच्या कडेला आपटलं. आत्या म्हणाल्या, "पाय हाय का नांगर?" सासरी माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य ते. मापाच्या कडेला कायमचा पोचा पडला आणि आमचं सासू-सुनेचं नातंही साधारण तिथूनच सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शुक्रवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून विजापूर रस्त्याकडच्या फ्लॅटमध्ये आलो. तीस-बत्तीस वर्षांचा पसारा आवरताना माझं डोकं फिरलं होतं. नवरा एकेक वस्तू हातात घेऊन "अगं, हे बघ" करत बसलेला, मुलगा ऑफिसात, आणि आत्या कोपऱ्यातून "ते टाकू नगंस, हे टाकू नगंस." तेवढ्यात गल्लीत टेम्पो घेऊन एक माणूस आला. म्हणाला, गावाकडं संग्रहालय करतोय, जुनंपानं काही असलं तर द्या. मला तो देवच भेटल्यासारखा वाटला. पाटा-वरवंटा, दोन कंदील, पितळी स्टोव्ह, जे हाताला लागलं ते दिलं, आणि त्यातच माप गेलं. तुझं नाव काय, गाव कुठलं, काही विचारलं नाही. बाबा, ने एकदाचं, एवढंच म्हटलं.

मग गेल्या दिवाळीनंतर मुलाचं लग्न ठरलं. माघातला मुहूर्त धरला. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी आत्या मला म्हणाल्या, "माझं माप काढून चिंचंनं घासून ठेव. नातसून त्याच मापावरनं घरात आली पायजे."

मी उगाच पेढ्यांचे डबे आवरायला लागले.

"कुटं हाय ते?"

"माळ्यावर आहे," मी म्हटलं. जुन्या घरात न सापडणारी प्रत्येक वस्तू माळ्यावरच असायची. सवयीनं तोंडातून गेलं. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातलं. आयुष्यभर त्यानं हेच केलंय.

रात्री तो म्हणाला, "बाजारातून दुसरं आणू. पितळ ते पितळ."

"आणि पोचा कुठून आणणार?" मी म्हटलं. आत्यांना आता नीट दिसत नाही, पण त्या बोटांनी बघतात. भाकरीचं पीठ जुनं आहे का नवं, हे त्या चिमटीत सांगतात. दुसरं माप एका क्षणात ओळखलं असतं. आणि खरं सांगायचं तर फसवायची माझी हिंमतही नव्हती. त्या घरात कपाटं माझी, फ्रीज माझा, देव्हारासुद्धा मी आणलेला. आत्यांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, तीच त्यांनी माझ्याकडं मागितली होती आणि तीच मी टेम्पोत घालून मोकळी झाले होते. नातवाच्या लग्नात ही म्हातारी उंबऱ्याशी हिरमुसून बसणार आणि त्याला कारण मी. मला ते काही केल्या सहन होईना.

दुसऱ्या दिवशी विचारणा झाली, "सापडलं का गं?"

"बघते, आत्या. माळ्यावर लई सामान आहे."

म्हणून आम्ही निघालो. पहिल्यांदा जवळचंच, भवानी पेठेतलं. नवऱ्याच्या ओळखीचे एक पद्मशाली गृहस्थ, त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग जसाच्या तसा ठेवलाय. भिंतीवर सूत इकडून तिकडे नेणारे धोटे टांगलेत, ओळीनं चौदा. एकेका धोट्याचा इतिहास ऐकावा लागतो. मग त्यांनी मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं. म्हणाले, मारा की ताई, काही होत नाही. मी मारला पाय. माझा पाय कसा आहे ते वर आलंच आहे. पाच-सहा धागे तटातटा तुटले. आतून त्यांच्या बायकोनं तेलुगूत जे काही सुनावलं ते मला कळलं नाही, पण यजमानांचे कान लाल झाले. त्यावर त्याच बाईंनी आम्हाला "कूर्चोंडी, कूर्चोंडी" करत बसवून गरम तळलेले पोंगे आणि चहा दिला. माप नव्हतं. टेम्पोवाल्याचंही त्यांना ठाऊक नव्हतं, पण बार्शीकडं एक घंटावाला आहे, त्याच्याकडं टेम्पो आहे म्हणाले.

पुढच्या रविवारी घंटावाला. आत्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. लग्नघर, डाळी निवडायच्या, रुखवताचं बघायचं, आणि आम्ही दोघं स्कूटरवरून बाहेर. मी म्हटलं, "पत्रिका वाटायला जातोय, आत्या." पत्रिका तर अजून छापायच्या होत्या.

"जावा की," आत्या म्हणाल्या. "गार वारं हाय, स्वेटर घे. आन् जेवायची घाई करू नगासा, निवांत या."

मला नवलच वाटलं. ही तीच बाई होती का? आमचं लग्न झालं त्या महिन्यात आम्ही दोघं सिनेमाला निघालो होतो. मी निळं पातळ नेसलेले, यानं केसांना तेल लावलेलं. दारातच आत्यांनी अडवलं. म्हणाल्या, उद्या ऊन असंल-नसंल, पापड आजच करायचे. चार शेर उडदाचे पापड लाटले मी त्या निळ्या पातळावर. त्यानंतर आम्ही दोघं मिळून कुठं गेलो असू तर ते दवाखान्यात नाहीतर कुणाच्या मयताला. तिकडंही सोबत आत्या. पण तेव्हा मला पळायची घाई होती, मी जास्त विचार केला नाही.

घंटावाल्याकडं बैलांच्या घंटा, घुंगरमाळा, खुळखुळे, सगळं गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. तो प्रत्येक घंटा वाजवून दाखवायचा आणि पलीकडून त्याचा बैल हंबरायचा. आठव्या घंटेला बैलानं दावंच तोडलं. आम्ही तिघं त्या बैलामागं ज्वारीच्या रानातून पळालो, म्हणजे मी बांधावरून ओरडत होते. माझा नवरा, जो चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढत नाही, तो ढेकळांतून धावत होता आणि हसत होता. इतकी वर्षं मी या माणसाला मोठ्यानं हसताना ऐकलंच नव्हतं. हसताना त्याचा आवाज चिरकतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. माप तिथंही नव्हतं, आणि आमचा टेम्पोवालाही तो नव्हे. पण घंटावाल्यानं शेतातच हुरडा भाजला, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ, आणि आम्ही हात काळे करून खाल्लं. येताना मी नवऱ्याच्या खांद्याला धरून बसले. रस्ता खराब होता, म्हणून.

"सापडलं का गं?" घरात शिरताच.

"नाही हो आत्या. माळ्यावरची एकच बाजू बघून झाली."

"बघ, बघ. गडबड करू नगंस."

तिसरं संग्रहालय अक्कलकोटच्या पुढं, दिव्यांचं; पत्ता घंटावाल्यानंच दिला. तिथली किल्ली शोधायला दीड तास गेला. कारण किल्ली म्हणे मास्तरांच्या बहिणीच्या घरी, बहीण देवळात, आणि देवळातल्या बाईनं सांगितलं की किल्ली तर मास्तरांच्याच कमरेला असते. मास्तर म्हणजे एक रिटायर शिक्षक, संग्रहालय त्यांचंच. ते समोरच्या कट्ट्यावर बसून इतका वेळ आमची गंमत बघत होते. "बर्री, बर्री! या, या!" म्हणत उठले. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे आणि एकही दिवा न पेटवता दाखवायचा नाही असा त्यांचा नेम. भर दुपारी बारा वाजता त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि चिमण्या, टेंभे, बत्त्या एकेक करून पेटवायला लागले. रॉकेल मिळत नाही म्हणून त्यात खोबरेल. सगळी खोली सणासुदीच्या स्वयंपाकघरासारखी वासानं भरून गेली. आणि तिसऱ्या ओळीत मला माझा कंदील दिसला. काच फुटलेली, आणि ती तारेनं बांधलेली. असली गचाळ गाठ जगात एकच माणूस मारतो आणि तो माझ्या शेजारी उभा होता.

"मास्तर, हा कुणी दिला?"

"अकलूजकडल्या मापवाल्यानं. तो टेम्पो घेऊन फिरतो बघा. मापं तेवढी आपल्याकडं ठेवतो, दिवे मला देतो, पाटे-वरवंटे आणखी कुणाला देतो. ज्याचं त्याला."

मला इतका आनंद झाला की मी मास्तरांच्या पाया पडले. ते बिचारे हातात टेंभा घेऊन मागं सरकले.

अकलूज लांब, म्हणून एसटीनं गेलो. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं बस चालवत ड्रायव्हर आख्खा रस्ता शिव्या देत होता. तिथून पुढं रिक्षा. गावाच्या कडेला जुन्या दूध संकलन केंद्राची खोली आणि तिच्यात मापंच मापं. चिपटं, मापटं, शेर, अदली, पायली. लोखंडी, पितळी, लाकडी. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर शंभराच्या वर मापं. आणि जवळजवळ सगळी भरलेली! कशात गहू, कशात तूर, कशात साबुदाणासुद्धा.

मापवाला डोक्याला हात लावून बसला होता. दारावर ठळक पाटी होती, मापांत धान्य टाकू नये. "काय सांगू ताई, माप रिकामं ठेवलं की बरकत जाती, असं आपल्यात मानतात. येईल ती बाई पाटी मोठ्यानं वाचती आन् पदराची गाठ सोडती. आता तर घरनंच दाणे घेऊन येतात. दर सोमवारी मी मापं रिकामी करतो, रविवारपतुर भरलेली. उंदरांनी चिठ्ठ्या खाल्ल्या. कुठलं माप कुठल्या गावचं, मलाच कळंना झालंय."

तो हे बोलत असताना माझा हात पर्समध्ये गेला होता. सकाळी प्रवासात खायला घेतलेले फुटाणे होते. मी दोन दाणे शेजारच्या चिपट्यात टाकलेसुद्धा. काय करणार? एकच चिपटं तेवढं रिकामं दिसत होतं.

मी त्याला आमचं सांगितलं. शुक्रवार पेठ, पितळी शेर, कडेला पोचा. तो ताडकन उठला. "पोच्याचं व्हय? ते मी इसरन व्हय! ती आजी!"

"कुठली आजी?"

"तुमी सामान देऊन आत गेलात. मी टेम्पो लावत हुतो, तर दारातनं एक म्हातारी भिंतीला धरून एकेक पायरी उतरत आली. म्हणली, माझं माप रिकामं नेऊ नगंस रं. लुगड्याच्या फडक्यात ज्वारी बांधून आणली हुती, ती मापात ठेवली. म्हणली, सांभाळून ठेव. आन् म्हणली, माझ्या सुनंला सांगू नगंस, दमलीया ती." त्यानं फळीखालचा डबा काढला. "ज्वारी कोंबड्यांनी खाल्ली. फडकं हाय."

जांभळ्या लुगड्याचा हिरवा काठ. तो काठ मी वीस वर्षं वाळत घातला होता.

आणि मग मला असा राग आला म्हणून सांगू! म्हणजे हिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ "सापडलं का गं?" माझी झोप उडाली, रक्तदाबाची गोळी वाढली, मी बैलामागं ओरडत फिरले, आणि ही बाई कॉटवर बसून मजा बघत होती! मापवाल्यानं माप आनंदानं दिलं. वहीत "लग्नासाठी उसनं" असं लिहून घेतलं आणि लग्न झाल्यावर परत आणायच्या बोलीवर हातात ठेवलं. परतीच्या एसटीत मी पूर्ण भांडण तयार केलं. पापडांपासून सुरुवात करणार होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडायचं नाही.

घरी आल्या आल्या मी पिशवी कॉटवर ठेवली आणि माप काढून आत्यांच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. पोच्यापाशी बोट थांबलं.

"हं. हाच तुझा नांगर."

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर जाऊन ज्वारी दिलीत. मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तवा तू लई दमली हुतीस. नव्या घरात पाय ठेवायच्या आदी भांडान कशाला?"

"आणि आता दोन महिने मला का पळवलंत?"

"सुपारी फुटली त्या दिवशी खरंच इसरले हुते गं. वय झालं. माप मागितलं तुझ्याकडं, तर तू म्हणालीस, माळ्यावर हाय." आत्यांनी मान वर केली. "ह्या घराला माळा कुटं हाय?"

मी वर पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं. डोक्यावर गुळगुळीत पांढरं छत आणि मधोमध पंखा. दोन वर्षं आम्ही त्याच्याखाली झोपत होतो.

"मग मला आठवलं समदं," आत्या म्हणाल्या. "सांगणारच हुते. तर तुमी दोगं भाईर गेलात, आन् येताना लिफ्टपासनं हसत आलात. मला हितं ऐकू आलं. बत्तीस वर्सांत तुमी दोगं मिळून हसल्यालं मी ऐकलं न्हवतं. पापडाचं मला आठवतंय बरं का. दुसऱ्या दिवशी झालं नसतं व्हय पापड? माज्या सासूनं मला कुटं सोडलं न्हाय, मी तुला सोडलं न्हाय. आता ह्या वयात तोंडानं जावा फिरायला म्हणायची लाज वाटती. म्हणून विचारत ऱ्हायले. मनात म्हणत हुते, देवा, लवकर सापडू नगं."

माझं सगळं भांडण एसटीतच राहिलं. मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन. मी आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ठेवत होते, दोघी जरा अवघडलोच. त्या माझ्या पाठीवर माप ठेवून, दोन्ही हातांनी ते धरून बसून राहिल्या.

माघात लग्न झालं. माप चिंचेनं घासून, तांदळानं भरून उंबऱ्यावर ठेवलं. सून बिचारी शिकवल्याप्रमाणं नाजूक अंगठा पुढं करत होती. खुर्चीतून आत्या ओरडल्या, "हळू नगं पोरी, हाण!" तिनं घाबरून हाणलं. माप लिफ्टपर्यंत गेलं. दुसरा पोचा पडला.

बोलीप्रमाणं माप परत द्यायचं होतं. मी म्हटलं, आम्ही येतो जाऊन. आत्या म्हणाल्या, "तुमी कशाला? नवी जोडी जाऊ दे. दोगंच." त्यांनी स्वतः फडक्यात ज्वारी बांधून दिली आणि वर नातसुनेला स्वेटर घ्यायला लावला. रविवारी सकाळी दोघं निघून गेली. घर एकदम मोकळं वाटायला लागलं. नवरा पेपर घेऊन बसला, मी कुकर लावायला आत गेले.

बाहेरून आत्यांची हाक आली. "अगं, माझा पाटा गं? तो कुटं ठेवलास?"

मी कुकरची शिट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले. हॉलमध्ये पेपर घडी केल्याचा आवाज आला आणि मग स्कूटरच्या किल्ल्यांचा.

"माळ्यावर आहे, आत्या," मी म्हटलं. "बघून येतो."